धुक्यासाठी एक पिशवी

१४ जुलै, सेंट पॉल बेट

सासूबाई,

आधी दूध फ्रीझरमध्ये टाका, मग हे पत्र वाचा. खोक्याचं झाकण उघडं टाकून वाचत बसलात आणि दूध वितळलं, तर आपल्या भांडणांत आणखी एकाची भर पडेल, आणि तिथे आता जागा फारशी उरलेली नाही.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणाल. फोनवर आपण दोघी किती वेळ गोड बोलू शकतो ते तुमच्या मुलाने गेल्या आठवड्यात स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तिमोफेय म्हणाला, "तुम्ही दोघी आपलं लिहा. कागद आरडाओरडा करत नाही." म्हणून लिहिते आहे. दुधाच्या खोक्यात माझं पत्र, आणि रिकामा खोका परत येईल त्यात तुमचं उत्तर. द्यायचं असेल तर.

पोर दिवस भरायच्या कितीतरी आधी झाली. माझ्या तळहातावर मावत होती. तिकडे शहरात, अँकरेजच्या इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी पेटीच्या भोकातून दोन बोटं आत घालून बसले होते, तेवढ्यात दारात तुम्ही. सात वर्षांत जिचं तोंड पाहिलं नाही ती सासू. हातात विणकाम, डोक्याला तोच हिरवा रुमाल. मला वाटलं, आता ऐकवणार. "तेव्हाच सांगत होते, माझ्या मुलाला घेऊन शहरात या, त्या धुक्यात राहू नका." पण तुम्ही पेटीकडे बघितलंत आणि म्हणालात, "खुर्ची सरकव." बस. त्या दिवसापासून ती खुर्ची तुमची झाली.

मी परत का आले ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण निघताना तुमचा चेहरा बघितला मी. थोरली पलाशा पाच वर्षांची, शेजाऱ्यांच्या घरी किती दिवस राहणार? तिमोफेय हॅलिबट माशांच्या मागे समुद्रात. आणि सीलांच्या कामाचे हेच दोन-तीन महिने; त्या कामाच्या विम्यावरच ती काचेची पेटी चालते. तेव्हा काही दिवस तिथे, काही दिवस इथे, आणि इथे असेन तेव्हा दूध काढायचं, गोठवायचं, विमानाने पाठवायचं. दुसरा रस्ता मला सापडला नाही.

तुम्ही काय म्हणालात? "चाललीस? सीलची मादी जाते तशी. पिल्लू खडकावर, आई समुद्रात." मी गप्प बसले. मी गप्प बसले याची नोंद घ्या, वारंवार घडत नाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. ते मग विमानात फुटलं. शेजारच्या माणसाने घाबरून मला सुका मासा देऊ केला.

पण तुम्ही तिथे बसता म्हणून मी इथे उभी राहू शकते. खरंच. हे एकदाच लिहिते आहे, चढून जाऊ नका.

मार्फा

ता. क. पलाशा विचारते, अँकरेजची आजी खरी आहे की फोटोतलीच?


२३ जुलै

सासूबाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. सहा शब्दांची. "दूध मिळालं. पातळ आहे. चरबी खा." वाचून माझा इतका संताप झाला की मी उभ्या उभ्या सीलच्या मांसाची ताटली संपवली, वर चरबीत तळलेल्या तीन भाकऱ्या. तेव्हा तुमचा हेतू साध्य झाला म्हणायचा.

आता एक विचारते, राग मानू नका. मानलात तरी विचारते. मी पिशव्या मोजून भरते. इस्पितळातली नर्स म्हणते, "आजी आणून देतात त्यात दर वेळी एक कमी असते." ती एक पिशवी जाते कुठे? चहात घालता की काय? माझं एकेक थेंब दूध कसं निघतं ते मला ठाऊक आहे. त्या पंपाचा आवाज ऐकून पलाशा म्हणते, आईच्या खोलीत बोट सुरू होत नाहीये.

कामावर आता माझी नेमणूक रीफ म्हणतात त्या खडकाळ किनाऱ्यावर आहे. तीच जुनी फळ्यांची वाट, खाली सीलांचा गोंधळ, तोच वास. तुम्ही म्हणायचा, हा वास नाकात गेला की गाढ झोपेतूनही जाग येते. पिल्लं सगळी काळीभोर. त्यातल्या एकाच्या कानाचं टोक कुणीतरी चावून तोडलंय, म्हणून ते ओळखू येतं. पलाशाने त्याचं नाव बटण ठेवलंय.

बटणची आई जन्मानंतरचे काही दिवस त्याच्याजवळ होती आणि मग गेली. सगळ्याच जातात. आठवडाभराने आली. ओल्या खडकावर उभी राहून ओरडली, शेकडो पिल्लांतून एकाने उत्तर दिलं, तिने हुंगलं, हेच माझं. मग दोन दिवस ते नुसतं पीत होतं, पोट जमिनीला घासेपर्यंत. दूध कसलं, लोणीच ते. आणि ती परत गेली.

काल पलाशा माझ्याबरोबर होती. बटण एका दगडाला टेकून निपचित पडलं होतं. ती रडायलाच लागली, "आई, मेलं ते!" मी म्हटलं, "मेलं नाही गं, राखून खातंय." अंगावरची चरबी पुरवायची तर हलायचं नाही. जी पिल्लं उगाच हुंदडतात ती आई यायच्या आधी रिकामी होतात. आमच्याकडे विद्यापीठातून आलेली ब्रेंडा पिल्लांना पिशवीत घालून काट्याला लटकवते आणि आई गेल्यावर रोज किती उतरलं ते बघते. तिच्याशेजारी उभी राहून मी काटा वाचते, आणि माझ्या डोक्यात दुसराच काटा असतो, तुमच्याकडचा.

पोरीचं वजन लिहीत जा ना. एवढं एक करा.

मार्फा


३ ऑगस्ट

सासूबाई,

हे पत्र जाणार कसं ते मला माहीत नाही. धुकं बसलंय. घरासमोरचं कुंपण दिसत नाही. विमान काल आलं नाही, परवा आलं नाही. मी उद्याच्या विमानाने तुमच्याकडे निघणार होते, पण ते उद्याचं विमान नुसतं नावालाच उद्याचं.

फ्रीझर दुधाने भरलाय. हॅलिबट काढून मी शेजाऱ्यांना वाटून टाकला. इकडे फ्रीझर भरलेला आणि तिकडे पोरीच्या वाटचं संपत आलेलं. माझं डोकं चालेनासं झालंय.

तुम्हाला धुक्याबद्दल मी काय सांगणार? मामंजींच्या छातीत कळ आली तेव्हा असंच होतं. आम्ही सगळे धावपट्टीवर उभे, ते स्ट्रेचरवर, तुम्ही त्यांचा हात धरून. वर विमान घिरट्या घालतंय. आवाज ऐकू येतोय, इतका जवळ की हात वर केला तर लागेल. आणि मग तो आवाज लांब लांब गेला. तुम्ही वर बघून म्हणालात, "ज्या आकाशाला दार नाही त्याच्याखाली मी राहणार नाही." पुरून झालं आणि मिळालेल्या पहिल्या विमानाने गेलात. मला म्हणालात, तू माझ्या मुलाला या धुक्यात कोंडून ठेवलंयस. मी म्हटलं, हे माझं घर आहे. दोघींचंही खरं होतं, आणि म्हणूनच ते मिटलं नाही.

आज सकाळी तेच आठवत होते. तुम्ही तेव्हा काय सोसलंत ते आज मला नीट कळलं. इतके दिवस फक्त माहीत होतं.

५ ऑगस्ट

अजून धुकं. त्यात पाऊस. ब्रेंडा म्हणते, भुकेपेक्षा ओल वाईट. ओलं पिल्लू अंग गरम ठेवण्यातच सगळी चरबी जाळतं. किनाऱ्यावर पिल्लं एकमेकांवर रचून पडली आहेत, काळा ढीगच. कडेचं पिल्लू आत घुसतं, आतलं कडेला येतं. बटण कुठे आहे ते कळत नाही. त्याची आई अजून आलेली नाही. शेजारची दोन पिल्लं मेली. मी पलाशाला घरीच ठेवते.

तिमोफेयची बोट बंदरात अडकली आहे. तो रोज तुम्हाला फोन करतो आणि मला सांगतो. वजन उतरलंय म्हणालात ना? तो लपवायला बघत होता, पण तुमच्या मुलाला खोटं बोलता येत नाही, हा गुण तुमचाच.

६ ऑगस्ट

सासूबाई, आत्ता तिमोफेयने तुमचा फोन ठेवला. मी जमिनीवर बसून लिहिते आहे.

तुम्ही दर खोक्यातली एक पिशवी घरी नेऊन स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवत होतात. तळाशी, मटारखाली. इस्पितळातलं संपलं त्या दिवशी ती घेऊन उभ्या राहिलात. नर्सने विचारलं, हे कुठून आलं? तर म्हणालात, "मी बेटावरची आहे. आमच्यात धुक्यासाठी वेगळं काढून ठेवतात."

आणि मी विचारत होते, चहात घालता का.

तिमोफेय म्हणाला, "आईने तुला निरोप दिलाय. म्हणाली, रडू नको म्हणावं. आई नसते तेव्हा पिल्लू उपाशी नसतं, ते आईलाच खात असतं. अंगावर घालून गेलेली असते ना ती." मग मी जास्तच रडले. तो बिचारा उभाच. म्हणाला, "मी निरोप नीट दिला ना?"


११ ऑगस्ट

सासूबाई,

काल ढग फाटले आणि विमान आलं. अडकलेली माणसं इतकी की चढायला रांग. दोन आजारी माणसांना आधी जागा दिली, आणि ते बरोबरच होतं. मला जागा नव्हती. पण खोका घेतला. मी वैमानिकाला सांगितलं, "यात माझ्या मुलीचं जेवण आहे," तर त्याने तो स्वतः उचलून आत ठेवला, वर पट्टाही बांधला. देव त्याचं भलं करो.

त्याच विमानाने आलेला तुमचा रिकामा खोका मी धावपट्टीवरच उघडला. चिठ्ठी होती.

"तीन तारखेला खूप ताप. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. फोनवर सांगितलं नाही, तू पोहत आली असतीस. पाद्रीबाबा गावाला. मीच बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, तीनदा, नर्सकडून उकळलेलं घेऊन. नाव स्तेपानिदा. आता ताप नाही."

मी ती चिठ्ठी कितीदा वाचली कोण जाणे. नाव बाप्तिस्म्यालाच ठेवायचं आणि तोवर उच्चारायचं नाही, हा आपल्या घरचा रिवाज. माझ्या मनात कोणतं नाव होतं ते मी तिमोफेयलासुद्धा सांगितलं नव्हतं. स्तेपानिदा हे माझ्या आईचं नाव, ते घेतलं तर तुम्हाला काय वाटेल, हीच धास्ती. विहिणी विहिणी तुम्ही, आणि उभ्या आयुष्यात एकमेकींशी सरळ बोलला नाहीत. चर्चच्या गाण्यात ती डावीकडे, तुम्ही उजवीकडे, आणि कोणाचा सूर वर जातो याची चढाओढ. बिंगोच्या टेबलावर तिने तुम्हाला खोटारडी म्हटलं होतं, तुम्ही तिला थेरडी. ती गेली तेव्हा तुम्ही फुलंसुद्धा पाठवली नाहीत.

आणि पोर हातातून जाते की काय अशा वेळी, एकट्या असताना, विचारायला कोणी नसताना, तुम्ही तिला तुमच्या आईचं नाव नाही दिलंत, मामंजींकडचं नाही दिलंत, स्वतःचं नाही दिलंत.

का, ते विचारत नाही. सांगणार नाही तुम्ही. सासूबाई, मी तुमची ऋणी आहे. हा शब्द मी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

मी पुढच्या विमानाने येते.

तुमची मार्फा


१३ ऑगस्ट

सासूबाई,

विमान उद्याचं आहे, मीच हे पत्र घेऊन येणार आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हसून हसून पोट दुखायला लागलंय आणि हे तोंडाने सांगायला गेले तर मध्येच फुटेन.

तुम्ही मुलाला फोनवर सांगितलंत, त्याने मला, वर तिखटमीठ त्याचं. खरं कितपत ते तुम्हीच ठरवा.

विमानतळावर तुम्ही खोका घ्यायला गेलात. आपल्याच बेटावरचा, आता तिकडे शहरात राहणारा येफिम म्हातारा पण आला होता, त्याच्या पुतण्याने पाठवलेलं सीलचं मांस न्यायला. आपल्या बेटावरचा प्रत्येक खोका निळ्या झाकणाचा, प्रत्येकावर तीच चंदेरी चिकटपट्टी, आणि वर लिहिलेलं नाव ओलीने पुसलेलं. त्याने एक उचलला, तुम्ही दुसरा उचललात. तुम्ही घाईत, कारण धुक्यासाठी ठेवलेलीही संपत आली होती. थेट इस्पितळात. नर्सने झाकण उघडलं आणि किंचाळली. आतून सीलचे चार पंजे वर आलेले, काळे हातमोजे घातल्यासारखे.

तुम्ही म्हणालात, "ओरडू नको, ते मेलंय." आणि गाडी पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला येफिमच्या घरी.

येफिम चहा पीत बसला होता! म्हणाला, "अन्फिसा, पुतण्या कधी नव्हे तो शहाणा झाला बघ, घट्ट दूध पाठवलंय. चहाला काय चव आलीय!"

तुम्ही म्हणालात, "पी मेल्या, पी. ते माझ्या सुनेचं आहे. आजपासून तू माझ्या नातीचा दूधभाऊ."

तिमोफेय म्हणतो, म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, छातीवर क्रूस काढला, आणि मग उरलेला चहा पिऊन टाकला. वाया कशाला घालवायचा म्हणे.

बाकीच्या पिशव्या तशाच गोठलेल्या मिळाल्या. एक येफिमने पिऊन टाकली, एक तुम्ही परत मटारखाली ठेवलीत. मी आता विचारत नाही.

एकच राहिलं. ते पंजे परत केलेत की नाही? तिमोफेय म्हणाला, आई त्यावर काही बोलली नाही.

मार्फा


२ सप्टेंबर

सासूबाई,

परत आले. पलाशा पायाला चिकटलेली आहे, त्या अवस्थेतच लिहिते.

पंजे तुम्ही ठेवून घेतलेत. शिजवलेत, मला वाढलेत आणि स्वतः ताटात मान घालून बसलात. सात वर्षांनी खाल्लंत ना? मी विचारलं, "कसं झालंय?" तुम्ही म्हणालात, "मीठ कमी." मीठ तुम्हीच घातलं होतं. मी मीठदाणी पुढे केली नाही, कारण तुमच्या डोळ्यांतून ती कमतरता भरून निघत होती.

तुम्ही खाली चहा घ्यायला गेलात तेव्हा नर्सने मला एक सांगितलं. धुक्याच्या दिवसांत, वजन उतरत होतं तेव्हा, तुम्ही रोज ब्लाउजची बटणं सोडून पोरीला छातीशी धरून बसायचा. सकाळी बसलात की संध्याकाळी उठायचा. डॉक्टर म्हणाले, तिची ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च होऊ नये म्हणून हे चांगलंच. तर तुम्ही म्हणालात, "मला शिकवू नका. पावसात पिल्लं काय करतात ते मी लहानपणापासून बघत आलेय." मला यातलं काहीही सांगितलं नाहीत. मी तिथे असताना खुर्चीत लांब बसून विणकाम केलंत, जणू पोरीशी तुमचा काही संबंध नाही.

बटण जिवंत आहे. आई उशिरा आली, पण आली. रोडावलंय, हाडं लागतात हाताला. त्याला काट्यावर मी धरलं होतं. चावलं मला.

मार्फा


२ नोव्हेंबर

सासूबाई,

आता दुधाचा खोका जात नाही, तेव्हा हे पत्र टपालाने. स्तेपानिदा, म्हणजे आमची स्तेशा, घरी आल्यापासून घराचं घरपण गेलं, ती ठरवते आम्ही कधी झोपायचं ते. गालांत मांस भरलंय. मांडीला वळी पडते. ती वळी बघून तिमोफेय चर्चमध्ये गेला आणि मेणबत्ती लावून आला, इतका हरखला.

किनारा रिकामा होत चाललाय. मादी सील निघाल्या. बटणची आई एक दिवस पाजून गेली आणि आली नाही. येणार नव्हतीच. ते चार-पाच दिवस खडकावर बसून होतं, काळा रंग जाऊन राखाडी चकचकीत झालेलं. मग परवा पाण्यात गेलं. कोणी शिकवलं नाही, कोणी बोलावलं नाही. मासा कसा धरायचा ते शिकेपर्यंत अंगावर आईने घातलेलं तेवढंच. पुरेल की नाही, कोण सांगणार? पलाशाने हात हलवला. त्याने मागे बघितलं नाही.

घरी येताना मला वाटलं, स्तेशाच्या अंगावर जे आहे त्यातलं माझं किती आणि तुमचं किती? दूध माझं. पण ते टिकवलं तुम्ही.

आता कामाचं. तुम्ही पाणी घातलंत, पण पवित्र तेल लावायचा विधी राहिलाय. पाद्रीबाबा म्हणाले, बाप्तिस्मा झालेला आहे, तो पक्का आहे, पुढचा विधी चर्चमध्ये करू. मी विचारलं, धर्ममाता कोण? ते म्हणाले, जिने पाणी घातलं तिच्याशिवाय कोण?

तुम्ही शपथ घेतली आहे ते मला माहीत आहे. इथलं आकाश काय आहे तेही मला माहीत आहे. म्हणून मी या म्हणत नाही. नुसतं सांगते की रविवारी आहे.

मार्फा


८ नोव्हेंबर

सासूबाई,

हे पत्र ज्या विमानाने जायचं त्याच विमानाने तुम्ही येणार, तेव्हा ते तुमच्या हातातच देईन. पण आत्ता लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

परवा तुम्ही निघालात हे आम्हाला विमान सुटल्यावर कळलं. तुमच्या मुलाला तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "बसले." आम्ही सगळे धावपट्टीवर. धुकं. पलाशाने स्वतःची चांगली टोपी घातली होती. आवाज आला. डोक्यावर आला. एक घिरटी, दुसरी घिरटी. तिमोफेयने माझा हात धरला आणि मला कळलं की त्याला काय आठवतंय. तोच आवाज, तीच जागा. आणि वर त्या आवाजात तुम्ही बसलेल्या.

मग आवाज लांब गेला.

मला वाटलं, संपलं. आता ही बाई जन्मात विमानात चढणार नाही. कोण चढेल? घरी आलो. रविवार टळला. संध्याकाळी तुमचा फोन, अँकरेजहून. तिमोफेय म्हणाला, "आई, राहू दे." तुम्ही म्हणालात, "पुढचं कधी आहे?"

काल पुन्हा. पुन्हा घिरट्या, पुन्हा परत. या खेपेला स्तेशा माझ्या कडेवर होती. आवाज डोक्यावर आला आणि तिने असा टाहो फोडला की धावपट्टीवरचा माणूस बघायला लागला. पलाशा म्हणाली, "आई, ती आजीला उत्तर देतेय."

आणि रात्रीच्या जेवणाला फोन. "परवा पुन्हा बसते. पोरीला टोपी घाल, वारा असतो तिथे."

सासूबाई, आता मी किनाऱ्यावरची. तुम्ही समुद्रातल्या. मी वाट बघते आहे.


११ नोव्हेंबर

सासूबाई,

तुम्ही आतल्या खोलीत स्तेशाला मांडीवर घेऊन बसला आहात आणि पलाशा तुमच्या रुमालाची गाठ सोडून परत बांधते आहे. मी स्वयंपाकघरात. चार पावलांवर असून पत्र लिहिते, कारण तोंडाने बोलले तर पाचव्या वाक्याला आपण मिठावर येऊ.

परवा दार उघडलं विमानाचं. सगळ्यांत शेवटी तुम्ही. हातात निळ्या झाकणाचा खोका. पायऱ्या उतरलात, वर आकाशाकडे एकदा बघितलंत, जसं जुन्या शेजाऱ्याकडे बघावं तसं. मग माझ्याकडे आलात. मी मनात काय काय म्हणायचं ते जुळवून ठेवलं होतं. तुम्ही खोका माझ्या हातात दिलात. आत मटारखाली एक पिशवी. माझंच दूध, जुलैमधलं, गोठलेलं.

"एक राहिली होती," तुम्ही म्हणालात. "असू दे. धुक्याचा भरवसा नाही."

तिथेच, धावपट्टीवर, सगळ्यांसमोर मी तुमच्या गळ्यात पडले. तुम्ही ताठ उभ्या राहिलात आणि मग राहिला नाहीत.

काल चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, नाव? आणि तुम्ही असं खणखणीत "स्तेपानिदा" म्हणालात की मला वाटलं, डावीकडून माझी आई वरच्या सुरात उत्तर देणार. नंतर टेकडीवर कबरींपाशी गेलात, आधी मामंजींकडे, मग तिच्याकडे. तिच्याकडे जास्त वेळ उभ्या होतात. भांडत होतात का?

ती पिशवी मी फ्रीझरच्या तळाशी ठेवली आहे. स्तेशाला आता तिची गरज नाही, पण ती तिथे असू दे. मला लागेल.

तुमचं परतीचं विमान गुरुवारी आहे. तुम्ही बॅग भरून दाराशी ठेवली आहे तीही मी बघितली. मामंजींच्या वेळी मी या आकाशाला शिव्या दिल्या, ऑगस्टमध्ये गुडघ्यावर बसून दिल्या. आत्ता खिडकीतून कुंपण दिसतंय, कुंपणापलीकडचा समुद्रही दिसतोय, अगदी स्वच्छ. सासूबाई, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे धुकं मागते आहे.

तुमची,
मार्फा